दारातले बूट

जपानमधल्या फुनाबोरीत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा माझ्या मुलाचा मित्र दर रविवारी येतो. बूट काढून त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवतो. मग मुलाशी वाद सुरू. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण?

"बॉल घेऊन पळणारा!" तो मांडीवर थाप मारतो.

"फेकणारा!" मुलगा म्हणतो.

मागच्या रविवारी मुलगा बोलून गेला, "तुला काय कळतंय खेळातलं?" तो तडक उठून गेला, तेही आमच्या घरातल्या सपाता घालून. मुलाला इथे दुसरा मित्र नाही. वर जाऊन बोलवायचा मला धीर झाला नाही. रोज ते बूट पुसून ठेवले.

आज बेल वाजली. त्याच्या पायात आमच्याच सपाता.

"काकू, सांगा याला, पळणाराच मोठा."

आतून मुलगा ओरडला, "मुळीच नाही!"

मी तिघांचा चहा टाकला.