कातळावरचा लाल गोल

कंपनीच्या नकाशावर लाल पेनाने गोल काढला तो मीच. कुणी हात धरून काढून घेतला असता, तर निदान तोंड वर करून सांगता आलं असतं.

गावाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, पवनचक्क्या येणार आणि त्यांची वीज साठवायला कंटेनरएवढ्या बॅटऱ्या, म्हणून आमच्या मुंबई मंडळाची सभा जोगेश्वरीच्या एका शाळेत भरली होती. सडा सगळा सामाईक. सातबाऱ्यावर नावांची ही भलीमोठी रांग, आणि त्यातली बहुतेक माणसं अंधेरी ते बोरिवली पसरलेली. कंपनीचे साहेब म्हणाले, "बॅटऱ्यांना सपाट, मोकळी जागा हवी. माहीतगार कोण आहे?"

घरात मला माहीतगार समजून कुणी टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नाही. मी उठलो, पेन घेतलं आणि सड्याच्या मधोमध गोल मारला. "इथे काही नाही, साहेब. नुसता कातळ." टाळ्या पडल्या. वडेही दोन मिळाले.

कुणीतरी त्या नकाशाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. कांदिवलीला घरी पोचून चप्पल काढतोय, तोच गावाहून काकीचा फोन.

"थंय काय्येक नाय म्हणान सांगितलंस मां तू? मगे मी एवढी वर्सा आमसुला खंय वाळत घालतंय?"

काकी गावच्या घरात एकटी असते. मे महिन्यात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून त्यांची सालं ती त्या कातळावर पसरते. संध्याकाळी गोळा करायची, रतांब्याच्याच रसात बुडवायची, सकाळी पुन्हा वर न्यायची. आमसूल काळं होईपर्यंत हेच. खाली अंगणात माडांची सावली, वर ऊन आणि वारा दोन्ही. तिची वर्षाची मीठमिरची त्यावर चालते, आणि माझी दर रविवारची सोलकढीसुद्धा. प्रत्येक घराचा कातळ ठरलेला, कडेला दगडांची रांग. ती रांग कुठल्याही कागदावर नाही. सातबाऱ्यावर काकीही नाही, काका गेल्यावर वारसनोंद राहूनच गेली; माझं नाव मात्र आहे. थोडक्यात, तिच्या जागेवर गोल मारायला मी मोकळा, आणि तो पुसायला तिला कुणी विचारणार नाही.

"चुकलं, काकी," मी म्हणालो.

"चुकला तर पुसून टाक. माका कित्याक सांगतंस?"

पुढच्या रविवारी मंडळाच्या सभेत सहमतीचे कागद फिरायला लागले. मी उभा राहिलो.

"बस रे," अध्यक्ष म्हणाले. "जागा तूच दाखवलीस ना? आता काय नाटक?"

"मीच दाखवली, मीच पुसतोय. व्हाइटनर आणलाय."

लोक हसले. साहेब शांतपणे म्हणाले, "सर, आमच्या पाहणीत तिथे काहीच दिसलं नाही."

"तुम्ही थंडीत गेला होतात. मेमध्ये या, पाय ठेवायला जागा मिळते का बघा."

"पवनचक्क्या नकोत का तुला?" अध्यक्षांचा आवाज चढला.

"हव्यात. वारा काय माझ्या खिशातला आहे? पण बॅटऱ्या त्या कातळावर नाही."

"एका काकीसाठी एवढा प्रकल्प अडवणार?"

"हो," मी म्हणालो. एवढं छोटं उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं. मग म्हणालो, "जमीन सामाईक आहे. माझी सही नाही. कातळ वापरणाऱ्या बायका जागा दाखवतील, त्यानंतर कागद माझ्याकडे आणा."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आमच्या आईचा कातळपण तिथेच आहे यार." त्याने हातातला कागद न भरताच परत दिला. पाठोपाठ आणखी दोन कागद परत गेले. शेवटी अध्यक्षांनी वैतागून जाहीर केलं की पुढची सभा मे महिन्यात, गावी, सड्यावर. गोल मी तिथल्या तिथे पुसला. त्या दिवशी मला वडा कुणी विचारला नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, थोडं वाढवूनच. ती मासळी साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"सभेच्या आठ दिवस आधी जा," ती म्हणाली. "काकींबरोबर आमसुलं वर ने, खाली आण. कंबर धरली ना, की कळेल तिथे काय आहे ते. आणि पेन इथेच ठेवून जा."