दहाव्याच्या बोचक्यातल्या सुया

आमच्याकडं माणूस गेला की दहाव्याला त्याचं अंथरूण-पांघरूण, कपडे, चपला, सगळं एका जुन्या चादरीत बांधून घाटावर नेतात आणि नदीत सोडतात. पूर्वी त्या बोचक्यात सूत आणि कापूस असायचा. कुजायचा, संपायचा. आता माणसं वर्षानुवर्षं औषधं घेऊन मग मरतात. म्हणून बोचक्यात गोळ्यांच्या पट्ट्या जातात, पाऱ्याचं थर्मामीटर जातं, इन्सुलिनच्या सुया जातात. घोडनदी ते सगळं पारगावकडं घेऊन जाते. तिथं ऊसतोडीला आलेल्या बाया पाण्यात उतरून गोधड्या धुतात. त्यांतल्या एकीच्या तळव्यात घुसलेली सुई मी माझ्या हातानं काढली आहे. तिला ती कुणाची म्हणून सांगणार होते?

तेव्हापासून मी पत्रकं वाटते. ‘घरातला विषारी कचरा नदीत टाकू नका’ असं वर ठळक अक्षरांत, खाली त्यानं काय होतं ते बारीक अक्षरांत. आमच्याच पत्रकात बांधलेली भेळ मी मंचरच्या स्टँडवर खाल्ली आहे. तेव्हा राग आला होता. हल्ली तेवढाही येत नाही. निदान कागद वाया गेला नाही, असं वाटतं.

मग आमच्याच घरातलं माणूस गेलं. माझे धाकटे चुलते, नाना. शुगर होती. शेवटची काही वर्षं त्यांची बायको, नानी, सकाळ-संध्याकाळ त्यांच्या पोटाला सुई टोचायची. वापरलेली सुई मी सांगितल्याप्रमाणं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची आणि झाकण घट्ट लावायची. आख्ख्या गावात माझं ऐकणारी ती एकटीच. तेही पत्रकामुळं नाही, झाडताना एकदा स्वतःला टोचली होती म्हणून.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गेले तर भावकीतल्या बाया बोचकं बांधत होत्या. बरणी आत, थर्मामीटर आत, गोळ्यांची पिशवी आत. मी गाठ सोडायला लागले.

“अगं, हात लावू नको,” माझे थोरले चुलते दारातून म्हणाले. त्यांना सगळं घर आण्णा म्हणतं. “दुखणं घरात ठेवायचं न्हाई. ज्याचं त्याच्याबरं जाऊ दे.”

“आण्णा, सुया नदीत सोडून शुगर जात असती तर आख्खा तालुका बरा झाला असता.”

बोलून गेले. बोलायला नको होतं. कारण नानीच्या मुलालाही गेल्या वर्षी शुगर निघाली होती. चाकणला कंपनीत आहे, गोळ्यांवर आहे. नानीला नदीशी काही देणंघेणं नव्हतं. बापाचं दुखणं मागं राहिलं तर ते पोराला धरील, एवढीच तिची भीती होती. ते माझ्यासकट सगळ्यांना माहीत होतं.

नानीच उठली. तिनं बोचक्यातून बरणी काढली, थर्मामीटर काढलं, पिशवी काढली आणि माझ्यापुढं ठेवली.

“ने. पण घरात ठिवू नको. माझ्या न्हाई, तुझ्याबी न्हाई. लांब जाऊ दे.”

“जाईल,” मी म्हणाले. कुठं, ते मला तरी कुठं ठाऊक होतं!

दुसऱ्या दिवशी घाटावर मांडव, खुर्च्या, माईक. आमच्या भागात दहावा म्हणजे सभाच असते. प्रवचन झालं, मग एकेक पुढारी श्रद्धांजलीला उठले. एकानं नानांना निष्ठावंत कार्यकर्ता केलं. नानांनी जन्मात कुणाचा झेंडा धरला नव्हता. माईकवाल्याला मी म्हटलं, “दोन मिनिटं द्या. नदीत काय सोडू नये तेवढं सांगते.”

“ताई, दहाव्याला राजकारण नको,” तो म्हणाला आणि पुढच्या पुढाऱ्याला बोलावलं.

मग पिंड ठेवला आणि सगळे मागं सरले. कावळा येईना. पलीकडच्या बाभळीवर दोन बसले होते. एक जरा खाली आला, पिंडाकडं तिरकं बघितलं आणि परत वर गेला. ऊन वाढलं. लोक नानांना वचनं द्यायला लागले. “पोराचं लग्न करू, नाना.” “वहिनीला अंतर देणार न्हाई.” “विहिरीचं काम पुरं करू.” कावळे आपले जागचे हलेनात.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, “त्याची औषधं कुठं हायती? बोचक्यात न्हाई दिली म्हणं.”

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बरणी आणि पिशवी माझ्या स्कूटीच्या डिकीत होती आणि स्कूटी मांडवाशेजारीच उभी होती.

“आण गं ती पिशवी,” आण्णा म्हणाले. “सोड पाण्यात. उगं सगळ्यांना उन्हात का ताटकळत ठेवतीस? तुझी समाजसेवा उद्या कर.”

मी डिकीपुढं जाऊन उभी राहिले. पत्रकातलं एकेक वाक्य मला पाठ होतं, पण एकही उपयोगाचं नव्हतं. पिंडापुढं उभ्या माणसाला नदीचं प्रदूषण काय सांगायचं? खरं सांगते, तेव्हा मी इतकी दमले होते की कुणी किल्ली मागितली असती तर दिलीही असती.

बायकांतून नानी पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत आण्णांसमोर उभी राहिली. एरवी ती त्यांच्यापुढं बोलत नसे.

“टोचून टोचून कंटाळलं व्हतं ते,” ती म्हणाली. “पोटावर जागा राह्यली नव्हती. आता सुटलंय, तर सुया परत त्याच्यामागं कशाला लावताय?”

आण्णा पाण्याकडं बघत राहिले. गुरुजींनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. लोक हातपाय धुऊन जेवायला बसले. “नाना नाराजच गेला,” हे पंगतीत माझ्या ताटापर्यंत ऐकू येईल इतक्या जोरात बोललं गेलं.

ते सगळं घेऊन मंचरला दवाखान्यात गेले तर खिडकीतला म्हणाला, “घरचा कचरा आमी घेत न्हाई.” ग्रामपंचायतीची घंटागाडी सुया घेत नाही. दवाखाना घरचं घेत नाही. मग माणसानं नदीत नाही तर कुठं टाकायचं, हे कुणी आमच्या पत्रकावर लिहून देईल का? मी बाकड्यावर बसून राहिले. शेवटी एक सिस्टर बाहेर आली, बरणी हलवून बघितली. “किती वर्षांच्या जमवल्या, बाई?” म्हणाली आणि बरणी आत त्यांच्या सुयांच्या डब्यात गेली. गोळ्याही तिनं ठेवून घेतल्या. थर्मामीटर मात्र परत दिलं. पाऱ्याचं त्यांनाही कळेना. ते आमच्या माळ्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. नानीला मी तसं सांगून टाकलं. ती नुसतं “बरं” म्हणाली.

परवा तिनं हाक मारली. ओट्यावर धुऊन उपडी घातलेली दुसरी एक काचेची बरणी होती, शेजारी झाकण.

“डॉक्टरनं पोराला सुई चालू केली,” ती म्हणाली.

यावर भावकीत काय बोललं गेलं ते तिनं सांगितलं नाही. मला ते दुसरीकडून कळलंच होतं. ती पोटच्या पोराची आई आहे, तिच्या मनातही आलं असेल. मी विचारलं नाही. काय तोंडानं विचारणार?

तिनं बरणी पदरानं पुसली, झाकण लावून बघितलं.

“भरली की सांगते,” म्हणाली. “ती सिस्टर अजून हाय ना तिथं?”