बोटाने दोन आटे

“बाहेरचा चोर असता तर नट परत लावून गेला असता का, सर?”

विमा कंपनीचा सर्व्हेअर फोनवर बोलत होता, त्याच्या ऑफिसातल्या कोणाशी तरी. माझ्या मोटरसायकलवरची निळी ताडपत्री अर्धी ओढून तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, आवाजही खाली आणला होता. मी चार हात लांब, विहिरीच्या कठड्याशी होते. माझे कान तिखट आहेत. कमी बोलणाऱ्यांचे असतात.

गॅरेजवाले अंकल माझ्या शेजारी फडक्याने हात पुसत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होते.

मी पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पहाटे सहाला उमेळ्याच्या वाड्यांमधून, आठला नालासोपाऱ्याच्या चौथ्या-पाचव्या मजल्यांवर, आणि दहाच्या आत सगळं लॅबमध्ये पोचवायचं. मुलीच्या जातीला स्कूटर बरी, असं घरच्यांचं सांगून झालं होतं, पण इथले खड्डे स्कूटरच्या चाकाला झेपत नाहीत. म्हणून मोटरसायकल घेतली. एका सकाळी सोसायटीच्या गेटशी ती लावून मी वर एका आजोबांचं रक्त घ्यायला गेले. खाली आले तर पाण्याचा टँकर मागे येता येता तिच्यावर चढला होता. पुढचा फोर्क वाकला, चेसिस वाकली.

टँकरवाला म्हणाला, “तुम्ही गाडीवर नव्हता ना, मॅडम? मग देवाचे आभार माना.”

मी देवाचे आभार मानले आणि टँकरच्या नंबरचा फोटो काढला.

गाडी वसईतल्या पापडीला अंकलच्या गॅरेजात आणली. गॅरेज म्हणजे त्यांच्या घरामागचं आवार, पत्र्याची शेड आणि एक विहीर. कंपनी आधी म्हणत राहिली की गाडी दुरुस्त होईल. अंकलनी लिहून दिलं की होणार नाही. पाच आठवडे ई-मेल चालले आणि शेवटी टोटल लॉस मान्य झालं. म्हणजे कंपनी मला पॉलिसीतली किंमत देणार आणि मोडकी गाडी भंगारवाल्याला विकणार. राहिली होती ही एक शेवटची पाहणी. तिच्या अहवालावर माझी पुढची गाडी ठरणार होती, आणि गाडीवर नोकरी. लॅबने माझे अर्धे पत्ते एव्हाना दुसरीला देऊनही टाकले होते.

गाडीवर मी जादाचं सामान बसवून घेतलं होतं. मागे बॉक्स, त्यात नमुन्यांची थंड पेटी बरोबर बसायची. पुढे दोन जादा दिवे, कारण पहाटे वाड्यांमध्ये दिवा म्हणून नसतो. हँडलच्या मुठींवर गार्ड, मोबाईलचा स्टँड. आज एक, चार महिन्यांनी दुसरं, असं जमेल तसं घेतलेलं, आणि प्रत्येक वेळी बसवलेलं अंकलनीच.

पॉलिसी मी तीनदा वाचली. इंग्रजी शाळेत मला वर्गात उभं राहून बोलायला कधी जमलं नाही, पण बारीक अक्षरातलं शेवटपर्यंत वाचायची सवय तिथलीच. त्यात स्पष्ट होतं की जादाचं सामान आधी नोंदवलेलं नसेल तर त्याची भरपाई नाही. मी नोंदवलं नव्हतं. ठीक, चूक माझी. पण भंगारवाल्यांनी ज्या फोटोंवर बोली लावली त्यात माझा बॉक्स होता, दिवे होते. मला द्यायच्या वेळी ते सामान नव्हतं, विकायच्या वेळी होतं. मी कंपनीला लिहिलं की माझं मला काढून घेऊ द्या. उत्तर आलं, विनंती विचाराधीन आहे. फोनवरचा माणूस मात्र ठाम होता. “कशालाही हात लावू नका. मालकाने छेडछाड केलेली दिसली तर फाइल परत पहिल्यापासून.”

अंकल म्हणाले, “कागद येऊ दे, बाय. मी स्वतः काढून देतो. सामान कुठे पळून जातंय?”

नेमकं याच वाक्याने मला झोप लागेना. जो माणूस सामान पळून जाणार नाही म्हणतो, त्याच्या मनात ते आधीच पळून गेलेलं असतं, असं मला वाटायला लागलं. मग मी बघू लागले. एका संध्याकाळी गेले तर शेडमध्ये दुसऱ्याच कोणाच्या गाडीवर माझ्यासारखे दिवे. तसे दिवे वसईत शंभर दुकानांत मिळतात, हे मला माहीत होतं. तरी मी वाकून काचेवरचा ओरखडा शोधला. एकदा एका गिऱ्हाइकाने माझ्या बॉक्सवर टिचकी मारून विचारलं, “हा कितीला?” आणि अंकल म्हणाले, “बघू.” त्या ‘बघू’चा अर्थ मला आजही माहीत नाही. पहिल्या पाहणीला सर्व्हेअर आणि ते एकाच बाकावर चहा प्यायले होते. आंटी घरातून आल्या की ती दोघं नवरा-बायको त्यांच्या वसईच्या ख्रिस्ती बोलीत बोलायची, आणि मध्येच माझ्या गाडीकडे बघायची. मी वसईतच जन्मले, पण आईबाबा कोकणातले, आणि आम्ही फ्लॅटमध्ये राहणारे. त्या बोलीतला तिसरा एखादा शब्द मला कळतो. संशयाला तेवढा पुरतो.

रविवारी सकाळी ती सगळी गल्ली चर्चमध्ये मिस्सेला जाते. गेटला कडी असते, कुलूप नाही. घंटा झाली, अंकल-आंटी इस्त्रीच्या कपड्यांत निघून गेले, आणि मी बाबांचे नट खोलायचे पाने पिशवीत घालून आत शिरले. शेजारच्या केळीत कोणीतरी पाणी सोडलं होतं, त्याचा आवाज येत होता. दर पाच मिनिटांनी मला वाटे की केळीआड कोणी उभं आहे. कोणी नव्हतं.

काम मला ठाऊक होतं, कारण अंकल बसवताना मी शेजारी उभी राहून बघायचे. उगाच नाही. ते मोजून चार नट लावतात की तीन, हे बघायला. पण बघता बघता शिकले. ते काही काढलं की नट खिशात घालत नसत, जमिनीवरही ठेवत नसत. एकदा म्हणाले होते, “खिशात गेला तो हरवला. वस्तू निघाली की नट लगेच परत त्याच भोकात. पाना नको, बोटाने दोन आटे. पुढचा माणूस शोधत बसत नाही.”

मीही तसंच केलं. बॉक्स काढला, चार नट परत लावले. दिवे काढले, दोन. गार्ड, चार. स्टँडचा एक. बोटाने, दोन दोन आटे. मग ताडपत्री जशी होती तशी ओढली आणि दोन पोती घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, “भंगार है क्या, मॅडम?”

घरी सगळं दिवाणाच्या आत, रजयांखाली गेलं. आईने झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. “गाडी भंगारात, आणि भंगार माझ्या रजयांत! अंकलना सांगितलंस का?”

“सांगेन,” मी म्हटलं.

सोमवारी फोन हातात घेतला आणि ठेवला. मंगळवारी पाहणी. अंकलनी ताडपत्री उचलून बघितलीच नव्हती, हे सर्व्हेअरने ती ओढली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मी रात्रभर वाक्य पाठ केलं होतं: हे सामान पॉलिसीत नाही, माझं आहे, मी नेलं. पण सर्व्हेअर माझ्याआधी बोलला. “अरे, हे तर साफ झालंय!” आणि त्याने फोन लावला. माझं वाक्य तोंडातच राहिलं. एकदा वेळ गेली की मला वाक्य परत वर आणता येत नाही.

फोन संपवून तो वळला. “काय अंकल, तुमच्याकडे चोरसुद्धा काम शिकून येतात वाटतं.” आणि स्वतःच हसला.

अंकल गाडीपाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि मागच्या कॅरिअरचा नट बोटाने फिरवला. दोन आट्यांत तो त्यांच्या हातात आला. त्यांनी तो तळहातावर घेऊन बघितला, परत जागेवर लावला. मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. उठून त्यांनी पुन्हा फडकं घेतलं.

त्यांना कळलं होतं. माझ्या मनात काय यावं? हे गप्प का, यांना माझ्याकडून काय हवंय? तेव्हासुद्धा हेच आलं.

सर्व्हेअर कागद काढून लिहू लागला. माझ्याशी तो फार चांगला बोलला. “मॅडम, टेन्शन घेऊ नका. तुमचा क्लेम होऊन जाईल. गाडी यांच्या ताब्यात होती, तर नुकसान यांच्यावर. यापुढे कंपनी यांच्याकडे गाडी पाठवणार नाही, एवढंच.”

एवढंच. शेडमध्ये उभ्या असलेल्या चार गाड्यांतल्या तीन कंपनीने पाठवलेल्या होत्या. मी येताना मोजल्या होत्या, मी सगळं मोजते.

“लिहा, साहेब,” अंकल म्हणाले. “माझ्या आवारात होती ना गाडी? मग माझीच जबाबदारी. आणि पोरीला उन्हात उभी करू नका, सही घ्या आणि जाऊ द्या.”

सर्व्हेअरने कागद फाइलवर ठेवून पेनसकट माझ्यापुढे धरला. सहीच्या जागेवर पेन्सिलने फुली केलेली होती. वरची ओळ मी वाचली, सवयीने, शेवटपर्यंत: गॅरेजमधील व्यक्तीने भाग काढल्याचे दिसते. खाली मालकाचं नाव, म्हणजे माझं. सही केली की गाडीचे पैसे येणार होते. नाही केली की फाइल पहिल्यापासून, कदाचित बंदच.

अंकल आता माझ्याकडे बघत नव्हते. विहिरीतून बादली ओढत होते.

मी पेन टोपण लावून परत दिलं. आवाज बारीकच निघाला.

“सर, नट मी लावलेत. अंकलनी शिकवलं तसे. सामान आमच्या दिवाणात आहे.”