सरांना बॉल लागत नाही

परिपत्रकात लिहिलं होतं, 'कौशल्याची कोणतीही अट नाही.' आमच्या कृषी विद्यापीठात प्रत्येक गोष्टीला काही ना काही अट असते, त्यामुळे अर्ध्या लोकांना ती छपाईची चूक वाटली. स्पर्धा होती डॉजबॉलची. सहा जणांचा संघ, आणि प्रत्येक संघात एक प्राध्यापक, एक ऑफिसातला माणूस, एक शेतावरचा मजूर आणि तीन विद्यार्थी. चिठ्ठ्या टाकून संघ पाडले. संघांना नावं पिकांची. मी ज्वारीत आले.

आमच्या गावी, झरीला, लहानपणी आम्ही चिंध्यांच्या चेंडूनं एकमेकांच्या पाठी शेकायचो, तोच हा खेळ. फक्त इथं शिट्टी होती आणि फक्कीच्या रेघा होत्या. मधल्या रेघेच्या अलीकडं एक संघ, पलीकडं दुसरा. बॉल अंगाला लागला की बाद. फेकलेला बॉल समोरच्यानं झेलला तर फेकणारा बाद. रेघ ओलांडली तरी बाद.

मला खेळायची हौस मुळीच नव्हती. माझा थिसिस चार महिन्यांपासून माझ्या गाईड सरांच्या टेबलावर पडून होता. हरभऱ्यावरची घाटेअळी हा माझा विषय. दोन हंगाम मी त्या अळ्या मोजल्या, एकशे चाळीस पानं लिहिली, आणि आता फक्त सरांची सही हवी होती. महिनाअखेर थिसिस जमा केला नाही तर आणखी एक सत्र जाणार होतं, आणि 'आणखी एक सत्र' हे शब्द घरी मी आधीच तीनदा सांगितले होते. चौथ्यांदा सांगितलं असतं तर वडील काही बोलले नसते, नुसते उठून शेळ्यांकडं गेले असते, आणि तेच मला नको होतं. सरांना विचारलं की सर म्हणायचे, "बघू." चार महिने मी हे 'बघू' ऐकत होते आणि आतल्या आत धुमसत होते. सर स्पर्धेत उतरलेत असं कळलं तेव्हा मी नाव दिलं. मैदानावर दिवसभर तोंड दिसेल, सही आठवेल, एवढाच माझा हिशोब.

सर कापसात आले होते. वय सत्तावन्न, पोट पुढं, पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी. सर मैदानात आले आणि बरोबर मध्यभागी, रेघेपासून तीन पावलांवर, हात मागं बांधून उभे राहिले. वर्गात परीक्षेला असतात तसे. त्यांच्याइतकं सोपं लक्ष्य साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडलं नसतं.

पण पहिल्या सामन्यात सरांना बॉल लागला नाही.

लागणार कसा? समोरच्या संघातल्या तीन पोरांचे अंतर्गत गुण सरांच्या हातात. ऑफिसातल्या काकांच्या रजेचा अर्ज सरांकडं. पोरं बॉल घ्यायची, सरांवर रोखायची आणि ऐनवेळी बाजूच्या लिंबाच्या झाडाला मारायची. एका पोरानं तर हद्द केली. सरांनी फेकलेला बॉल कसाबसा रेघेपलीकडं जाऊन मातीत घरंगळत चालला होता, तेव्हा यानं पाय पुढं करून तो लावून घेतला आणि "काय टाकला सर" म्हणत बाहेर जाऊन बसला. सरांनी त्याच्याकडं कौतुकानं पाहिलं.

सामना संपल्यावर सर आम्हाला समजावून सांगायला लागले. "ह्याच्यात ताकदीचं काही काम नाही. बॉल सुटायच्या आधी फेकणाऱ्याचा खांदा वाचायचा. मी काय करतो, किंचित डावीकडं सरकतो." सर सामनाभर इंचभरही सरकले नव्हते. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सगळ्यात जास्त डोलावली.

आमचा पहिला सामना तुरीशी होता. त्यांच्याकडं दुसऱ्या विभागातल्या एक वयस्कर मॅडम होत्या. माझं त्यांच्याशी काही अडलेलं नव्हतं, म्हणून मी नेम धरून मारला आणि बॉल त्यांच्या खांद्याला लागला. मॅडम "अगं बाई" म्हणाल्या. पुढं काय झालं ते मला शिट्टी वाजल्यावरच कळलं. मी रेघ ओलांडून पलीकडं गेले होते आणि वाकून मॅडमच्या पाया पडत होते. आमच्याकडं मोठ्या माणसाला चुकून पाय लागला तरी खाली वाकतात. हे अंगातच इतकं भिनलेलं असतं की डोकं विचारायला जाईपर्यंत कंबर वाकून झालेली असते. मॅडमनी डोक्यावर हात ठेवून "सुखी रहा" म्हटलं आणि पंचांनी मला बाद दिलं.

मला वाटलं मीच एकटी येडी. पण दुपारपर्यंत अशी सात माणसं बाद झाली. एकजण तर पाया पडायला गेला, त्याला बघून त्याच्याच संघातला दुसराही गेला, कारण बॉल नक्की कुणाचा लागला याची दोघांनाही खात्री नव्हती. शेवटी पंच वैतागले. ते भोंग्यावरून म्हणाले, "खेळाडूंना सूचना. ज्यांना पाया पडायचंय त्यांनी सामना संपल्यावर पडावं. चालू सामन्यात लांबूनच हात जोडावेत." त्यानंतर मैदानावर बॉल मारून लगेच हात जोडणारी माणसं दिसायला लागली.

आमच्या ज्वारीचा आधार होत्या शेतावरच्या मावशी. वालूरकडच्या. पदर खोचून उभ्या राहिल्या की त्यांचा नेम चुकत नसे. हुरड्याच्या दिवसांत त्या माळ्यावरून गोफणीनं पाखरं राखायच्या, त्यामुळे हात असा तयार झालेला की बॉल सुटलेला दिसायचा नाही, लागलेलाच दिसायचा. मी त्यांच्या पाठीमागं लपायचे आणि त्या एकेकाला टिपायच्या. असे आम्ही तीन सामने जिंकलो. तिकडं कापूसही जिंकत होता, कारण त्यांचा शेवटचा माणूस बाद होतच नव्हता. अंतिम सामना ज्वारी आणि कापसाचा ठरला.

सामना सुरू झाला. मावशींनी पाच मिनिटांत कापसाची पाच माणसं झोपवली. आमचीही गळत गेली. पलीकडं सर एकटे राहिले, अलीकडं मावशी आणि त्यांच्या पाठीमागं मी. मावशींनी बॉल उचलला. सहा हातांवर सर उभे. मावशींनी हात मागं नेला आणि बॉल असा अलगद सोडला, जसा लेकराच्या हातात पेढा द्यावा. तो सरांच्या पोटावर टेकला, सरांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं. झेल. मावशी बाद.

मी कुजबुजले, "मावशी, हे काय करायलात?"

"रोजच्या हजेरीवर त्यांची सही लागती माय," मावशी जाता जाता म्हणाल्या. "तुजं तू बग."

आता मी एकटी आणि सर एकटे. सरांनी बॉल माझ्याकडं फेकला, तो कसाबसा रेघेअलीकडं येऊन थांबला. मी तो उचलला. माझ्यासमोर माझी सही उभी होती, पांढऱ्या पॅन्टमध्ये. लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. ते झाड आता सगळ्यांना सवयीचं झालं होतं, आणखी एक बॉल त्याला जड नव्हता. मी तसा हात वळवलाही होता.

तेवढ्यात सर हसून म्हणाले, "घाबरू नकोस. मन लावून टाक. चार सामने झाले, मला मारणं कुणाला जमलेलंच नाही."

आणि माझं डोकं सणकलं. चार सामने आणि चार महिने एकदमच आठवले. मी काही ठरवून मारला असं म्हणणार नाही, पण चुकून लागला असंही म्हणणार नाही. बॉल सरांच्या पोटावर बसला. धप्प असा आवाज आला, चष्मा दोरीला लोंबकळला, आणि सर दोन पावलं मागं सरकले. सबंध स्पर्धेत सर पहिल्यांदाच सरकले होते.

कुणी टाळी वाजवली नाही. फक्त मावशींनी वाजवली, तीही लगेच थांबवली. मी जागेवरूनच हात जोडले. सर पंचांकडं वळून म्हणाले, "म्हणजे मी बाद का?" पंच बिचारे खाली बघत म्हणाले, "हो सर, तसं झालंय." सर चष्मा पुसत मांडवात जाऊन बसले.

आम्हाला स्टीलचे डबे मिळाले. मी डबा छातीशी धरून उभी होते आणि घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. तेव्हा सरांनी मावशींना हाक मारली. "काय हो, तुमचा नेम इतका पक्का. मलाच कसा नाही लागला?"

मावशींनी खरं ते सांगितलं. त्यांना दुसरं येतच नाही. "साहेब, तुमाला कोन मारंल? समद्यांची कामं हायत तुमच्यापाशी."

सर हातातला सरबताचा ग्लास तसाच ठेवून निघून गेले. मला त्यांचा राग येत होता, आणि त्या क्षणी दयाही आली. सकाळपासून केवढे खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी दहाला बोलावणं आलं. मी गेले तेव्हा थिसिस टेबलावर होता, आणि एका पानात कागदाची पट्टी खोचलेली होती. सर म्हणाले, "बस. काल तू मारलंस. आता माझी पाळी."

त्यांनी पान उघडलं. दुसऱ्या हंगामाचा तक्ता. दर आठवड्याला मीटरभर ओळीत किती अळ्या. सरांनी सहाव्या आणि सातव्या आठवड्यावर बोट ठेवलं. "हे पंधरा दिवस आभाळ होतं. मी रोज फिरायला जातो, मला आठवतंय. ढगाळ हवेत अळी वाढती. साऱ्या जिल्ह्यात वाढली. तुझ्या प्लॉटात कमी झाली. कुठं होतीस?"

मी बोरीला होते. चुलत बहिणीच्या लग्नात हळदीपासून मांडवपरतणीपर्यंत पंगती वाढत होते. परत आले तेव्हा दोन आठवडे उलटून गेले होते, आणि मी खोलीवर बसून मागचे-पुढचे आकडे बघून मधले दोन भरून टाकले होते. छान उतरते, ओळीनं. कुणाला कळणार, असं वाटलं होतं.

"लग्नात होते," मी म्हणाले.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"मग चार महिने बोलला का नाही सर?"

"सांगितलं असतं तर तू मोडली असतीस. झरीवरून इथवर आलेली पोरगी. म्हटलं, बघू, कसं सांगावं." सर टेबलाकडं बघत होते. "सही करवत नव्हती आणि बोलवतही नव्हतं."

मला लाज वाटली, आणि तरीही संताप आला, आणि दोन्ही एकदम डोळ्यांतून यायला लागलं. "चार महिने मी तुम्हाला शिव्या दिल्या सर, मनातल्या मनात. त्यापेक्षा तेव्हाच सांगायचं होतं."

"हो," सर म्हणाले. "चुकलं माझं."

आठ दिवस उरले होते. आम्ही ते दोन आकडे काढले. निष्कर्षाचं अर्धं पान त्यांच्याबरोबर गेलं, दोन आलेख पुन्हा काढावे लागले. शेवटच्या दिवशी सरांनी पेन माझ्यापुढं केलं आणि म्हणाले, तक्त्याखाली तुझ्या हातानं लिही. मी लिहिलं, 'सहाव्या व सातव्या आठवड्यात मी शेतावर नव्हते. निरीक्षणे घेतलेली नाहीत.' एकशे चाळीस पानांपेक्षा ते दोन ओळींचं लिहिणं जड गेलं. सरांनी ते वाचलं आणि पहिल्या पानावर सही केली.

थिसिस आता ग्रंथालयात आहे. नवी पोरं कधीकधी माझ्याकडं येतात, मॅडम, तुमचं काम बघायचंय म्हणतात. मी त्यांच्यासोबत जाते, कपाटातून तो काढते, आणि सगळ्यात आधी त्यांना तेच पान उघडून देते.