मशिदीतून आलेला निरोप

कऱ्हाडात आमच्या शेजारी राहणाऱ्या जैतूनभाभी शिकलगार साधा बिस्किटाचा पुडाही उलटासुलटा तपासल्याशिवाय घरात घेत नसत. "नुसतं शाकाहारी असून भागत न्हाई, दारूचा अंशबी नगं," असं मला समजावायच्या. मी चिडवायची, "भाभी, तुमच्या धाकानं दुकानदार गाव सोडंल एखाद दिवशी."

त्यांचे यजमान बाबालालभाई अगदी उलटे. साखर कारखान्यात पोती शिवण्यात जन्म गेला, आणि गोडाशिवाय घास उतरायचा नाही. अशा माणसाला मधुमेह झाला. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा डॉक्टरांनी दम भरला, "साखर सोडा, नाहीतर पाय जाईल." सांगलीला दिलेली मुलगी परवीन चहात टाकायच्या गोड गोळ्यांची डबी घेऊन आली.

भाभींनी डबी उलटीसुलटी करून पाहिली, पण समाधान झालं नाही. या गोळ्यांत जनावराच्या हाडाचं काहीतरी असतं, असं गल्लीत कुणीतरी बोललं होतं. नवऱ्याचा पाय वाचवायचा होता, पण त्याच्या पोटात हराम घालून नव्हे. त्यांच्यातल्या बायका मशिदीत जात नाहीत, असलं काही मौलानांना विचारायचं तर घरातल्या पुरुषानंच. घरात पुरुष एकच. त्याच आजारी माणसाला त्या म्हणाल्या, "आवं, जुम्म्याला जाताय तर तेवढं इचारून या."

बाबालालभाई विचारून आले. "शक हाय म्हनले. शक असंल तिथं हात लावू नगं म्हनले."

भाभींनी डबी परवीनला परत दिली. मग बिनसाखरेचा चहा देऊन पाहिला. बाबालालभाई कप सरकवायचे आणि रुसून उपाशी बसायचे, की भाभी हरायच्या. मी एकदा म्हणाले, "आणखी कुणाला तरी विचारा की." तर माझ्यावरच उखडल्या, "मौलाना खोटं सांगत्याल व्हय?" मी पडले परधर्माची, गप्प बसले.

पाय आधी घोट्यापासून काढला, मग गुडघ्यापासून. त्यानंतर बाबालालभाई फार दिवस राहिले नाहीत.

चाळिसाव्या दिवसाचा फातेहा होता. भाभी इद्दतीत, त्या मुदतीत विधवेनं परक्या पुरुषांसमोर यायचं नाही, म्हणून बाहेर चहा द्यायचं काम माझ्याकडं आलं. मौलाना म्हणाले, "मला बिनसाखरेचा द्या, ताई. मलाही तोच आजार." आणि खिशातून डबी काढून त्यांनी कपात एक गोळी टाकली.

माझ्या पोटात काही राहत नाही. आत जाऊन मी भाभींना सांगितलं. त्या उठल्या, पडद्याला बिलगून उभ्या राहिल्या.

"मौलाना, ती गोळी चालती?"

"चालते की," बाहेरून आवाज आला. "मी चौकशी करूनच घेतो. हिच्यात जनावराचं काही नाही, नशेचं काही नाही. मनाई असल्याचं कळत नाही तोवर खाण्याची चीज जायजच. बाबालालभाईंना मी तेव्हाच सांगितलं होतं. जिवाला जपणं फर्ज आहे, असंही म्हणालो होतो."

भाभी पडदा सोडून माझ्याजवळ येऊन बसल्या. "साखर मी घालायची," त्या मला म्हणाल्या. "माझ्या हातानं. हलाल हाय, प्या, म्हनायची."

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला बाबालालभाईंचा भयंकर राग आला. दोन घोट गोड चहासाठी या माणसानं बायकोचा धर्मच तिच्याविरुद्ध वापरला होता.

थोड्या वेळानं भाभींनी पुन्हा विचारलं, "मौलाना, मानूस खोटं बोलून गेला तर त्याला माफी हाय का?"

मौलाना सावकाश म्हणाले, "अल्लाह रहीम आहे. पण ज्याच्याशी खोटं बोलला, त्यानंही माफ करायला हवं."

मग दुआ सुरू झाली. स्वयंपाकघरातल्या बायकांनी पदर सावरून हात पसरले. मला ती दुआ येत नाही, पण मीही पसरले. भाभींचे हात मांडीवरच राहिले.