व्हॉल्व्हच्या यादीतलं माझं नाव

नेलिदा बार्रिओनुएवो यांना मी फारसं ओळखत नव्हतो. त्यांना मुलंबाळं होती का, हेही मला ठाऊक नाही. आमच्या गावची सरकारी पाणी कंपनी खासगी मालकाकडे जायची होती, तेव्हा हस्तांतराची यादी करायला त्या तुकुमान शहरातून आल्या. जमिनीखालचे व्हॉल्व्ह नकाशात नव्हते, ते फक्त मला, कंपनीच्या जुन्या कामगाराला, माहीत होते. तीन दिवस मी त्यांना गल्ल्यांतून हिंडवलं. शेवटचा व्हॉल्व्ह दाखवून झाल्यावर आम्ही येर्बाचा चहा प्यायला बसलो.

मी म्हणालो, "सेन्योरा, आता सगळं कागदावर आलं. नवा मालक मला घरी बसवणार. पेन्शनला अजून चार वर्षं आहेत."

"अहो एउसेबियो, मग आधी तोंड बंद ठेवायचं ना!" त्या हसल्या आणि यादी माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक व्हॉल्व्हसमोर लिहिलं होतं, 'पाइप जुना. एउसेबियो लेदेस्मा यांच्याच हातून उघडावा.'

"मालकाला यावरच सही करायची आहे," त्या म्हणाल्या.

ती चार वर्षं मला त्यांच्यामुळे मिळाली. आभार मानायला माझी जीभ रेटली नाही. त्यांची बस आली तेव्हा मी एवढंच म्हणालो, "डावीकडे बसा सेन्योरा, उजवीकडे ऊन येतं."

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या.