टेबलाची पट्टी

घरात गाणं व्हावं म्हणून माणूस काही करायला गेला, की गाणं राहतं बाजूला आणि किस्सेच जमत जातात. आमचं तेच झालं. आम्ही तिघं. मी, म्हणजे हडपसरला आयटीत नोकरी करणारा आणि सुट्टीच्या दिवशी कीबोर्डवर चाली लावणारा. मंदार तबला वाजवतो आणि त्याहून जास्त तोंड वाजवतो. केतकी खरंच गाते. माझ्या फ्लॅटच्या छोट्या खोलीत होम स्टुडिओ करायचं ठरलं आणि त्यासाठी एक परवडणारं टेबल हवं होतं.

त्या टेबलाचे किस्से मी वर्षभर जिथं जाईन तिथं सांगितले. शेवटचा तेवढा सांगत नव्हतो. आज सांगतो, कारण तो लपवून बाकीचे सांगायला आता तोंड राहिलेलं नाही.

*

पहिलं टेबल सेकंडहँड होतं. कात्रजला एक ऑफिस बंद होत होतं, तिथलं. भलंमोठं, काचेचं, फोटोत एकदम स्टुडिओचं वाटणारं. मी टेप घेऊन खोली तीनदा मोजली. टेम्पोतून टेबल आलं, चार माणसांनी वर चढवलं आणि फ्लॅटच्या दारात अडकलं. आडवं, उभं, तिरकं, काहीच जमेना.

मंदार जिन्यात उभा राहून शांतपणे बघत होता. म्हणाला, "खोली मोजलीस ते छान केलंस. आत जायला खिडकी वापरायची होती का?"

टेबल खाली पार्किंगमध्ये गेलं. आठवड्याभरात सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यावर कागद चिकटवला. "हे टेबल सोसायटीचे नाही. ज्यांचे आहे त्यांना ते माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे." मी दोन महिने मागच्या गेटनं ये-जा केली. आता त्या टेबलावर वॉचमन रजिस्टर ठेवतात आणि मला बघून जरा सरकवल्यासारखं करतात.

*

मधल्या काळात कीबोर्ड इस्त्रीच्या टेबलावर होता. उंची कमी-जास्त करता येते, घडी होते, अजून काय पाहिजे? एका रविवारी मी चाल रेकॉर्ड करत असताना माझी बायको रश्मी आली, टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर माझा ऑफिसचा शर्ट पसरला आणि वाफेची इस्त्री फिरवायला लागली.

ते रेकॉर्डिंग मी तसंच केतकीला पाठवलं आणि मागचा फुस्स आवाज म्हणजे मुद्दाम टाकलेलं टेक्स्चर आहे, अशी थाप मारली. तिचा रिप्लाय आला, "छान आहे. कॉलर नीट झाली का?"

*

मग स्पीकरचे स्टँड बघायला मी बुधवार पेठेत गेलो. दुकानदारांना म्हटलं, "स्टुडिओ मॉनिटरचे स्टँड दाखवता का?"

"स्टुडिओ कुठे आहे आपला?"

"घरीच. म्हणजे, छोटी बेडरूम आहे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग विटा ठेवा."

मला राग आला. घरी येऊन विटा ठेवल्या. आवाज एकदम स्वच्छ झाला, हे मी त्यांना जाऊन सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही.

*

आता मिस्त्रींचा किस्सा. माझ्या सगळ्यात जास्त टाळ्या यावर.

हडपसरच्या पलीकडे एक गाव आहे. महापालिकेत गेलंय, पण अजून गावच आहे. तिथले एक साठीचे सुतार सोसायटीत कामाला यायचे. माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव 'मिस्त्री टेबल'. त्यांनी खोली बघितली आणि म्हणाले, "साहेब, प्लाय कशाला? फ्लश डोअर घ्या. जाड हाय, स्वस्तात पडंल. खाली दोन कप्पे देतो." म्हणजे दारच आडवं टाकायचं! कुलपासाठीच्या भोकातून सगळ्या वायरी खाली काढल्या. इतकी अक्कल आमच्या तिघांत मिळून नव्हती.

शेवटच्या दिवशी मी ऑफिसात होतो. केतकी रियाजाला लवकर येऊन बसली होती, तानपुरा लावून, डोळे मिटून. टेबलाच्या कडेला लाकडाची पट्टी मारतात, ती कुठल्या रंगाची मारायची म्हणून मिस्त्री दारात आले. "ताई, पट्टी कुठली?"

गाणाऱ्या माणसाला पट्टी विचारली की तो सूर सांगतो. केतकीनं डोळे न उघडता सांगितलं, "काळी चार."

संध्याकाळी मी आलो तर टेबलाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी आणि त्यावर चार काळे तुकडे ठोकलेले! तेही सारख्या अंतरावर नाहीत. दोन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग दोन. चौथ्याला पॉलिश जास्त झालेलं. आम्ही तिघं पोट धरून हसलो. मंदार म्हणाला, "नशीब, पांढरी दोन गात नाहीस. पांढऱ्यावर पांढरं दिसलं नसतं."

हा किस्सा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये सांगितला, लग्नांत सांगितला. मिस्त्रींचं 'हाय' आणि 'पडंल' हुबेहूब करून सांगितलं. मी मूळचा अकोल्याचा. पुण्यात शिकायला आलो तेव्हा माझ्या 'कायले'वर अख्खं होस्टेल हसायचं आणि मी महिनाभर वर्गात तोंड उघडत नव्हतो. हे मला नक्कल करताना एकदाही आठवलं नाही.

*

स्टुडिओचं उद्घाटन म्हणून रविवारी सकाळी दहा-बारा जणांना पोह्यांना बोलावलं. रश्मीनं मिस्त्रींनाही बोलावलं होतं. मी टेबलाशेजारी उभा राहून किस्सा रंगवत होतो. ते धुतलेला पांढरा सदरा घालून दारात आले. मला दिसले. खरं सांगतो, स्पष्ट दिसले. पण हशा अगदी जवळ आला होता, म्हणून मी थांबलो नाही.

सगळे हसले. मिस्त्रीही थोडे हसले. टेबलाकडे बोट करून म्हणाले, "साहेब, ते तसं..."

"अहो मिस्त्री, या, या, पोहे घ्या," मी म्हणालो.

ते गेल्यावर त्यांची प्लेट भरलेलीच सापडली.

पुढच्या महिन्यात एक कप्पा अडकला. मी फोन केले, त्यांनी उचलले नाहीत. रश्मी म्हणाली, "कप्प्यासाठी त्यांच्या घरी जाऊ नकोस. माफी मागणार असशील तर जा." मला लाज वाटत होती, म्हणून मी आणखी तीन आठवडे घालवले. नंतर कप्पा तसाच ठेवून गेलो.

गुरुवारची संध्याकाळ होती. त्यांच्या घरी सुनेनं सांगितलं, "मामा देवळात हायेत, भजनाला." चौकात दत्ताचं देऊळ. आत पंधरा-वीस माणसं बसलेली आणि मधोमध पेटीवर मिस्त्री. लोक त्यांना वसंतबुवा म्हणत होते. नाव मला तेव्हा कळलं.

एक आजीबाई गायला पुढे सरकल्या. बुवांनी न विचारताच सूर धरला. "आक्का, तुमची काळी चार," म्हणाले. आक्का त्या सुरात गायल्या. मी चपलांपाशी उभा होतो.

भजन संपलं, चहा आला. बुवांनी मला बघितलं आणि शेजारी जागा करून दिली. पाठ केलेली माफी मी विसरलो. नुसतंच म्हणालो, "बुवा, तुम्हाला पट्टी माहीत होती."

"चाळीस वर्सं पेटी वाजवतोय, साहेब."

त्यांनी पेटीच्या काळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. दोन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग दोन. चौथीवर बोट थांबलं. इतके दिवस माझा कीबोर्ड त्याच टेबलावर होता.

"ताई डोळे मिटून बसलेल्या," बुवा म्हणाले. "म्हणलं, आपण गाण्यातलीच एक गंमत करू. डोळे उघडल्यावर हसतील."

त्यांनी माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

"हसलात की सगळे."